पाव्हणं, पाच मिनिटाचं काम हाय!

‘‘पाव्हणं, पाच मिनिटाचं काम हाय. चला की जरा!’’

माझे होणारे सासरे हे म्हणाले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. स्थळ आमचं डोंबिवलीचं घर. प्रसंग, दोन्हीकडच्या मंडळींची पहिली भेट. बाबांच्या हातात पोह्यांची बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि गेले.

परत आले ते साडेचारला. चेहरा पांढराफटक.

‘‘ठाण्याला त्यांच्या दोस्ताचा हॉल आहे. साठ हजार अॅडव्हान्स देऊन आलो.’’

‘‘पावती?’’ आईनं विचारलं.

‘‘नंतर मिळेल म्हणाले.’’

इथे तुम्हाला माझ्या बाबांची थोडी ओळख करून द्यायला हवी. चौतीस वर्षं बँकेत नोकरी. विजेची बिलं वर्षवार फायलीत. मला पहिली सायकल घेतली त्याची पावतीसुद्धा घरात आहे, सायकल कधीच भंगारात गेली. आणि या माणसानं, ज्यानं आयुष्यभर लोकांना चेक क्रॉस करायला शिकवलं, त्यानं बेअरर चेक दिला होता. का दिला, तर म्हणे ‘ते इतकं भरभर बोलत होते की क्रॉस करायचं राहूनच गेलं.’

सासरे कोल्हापूरचे. ट्रान्सपोर्टचा धंदा. माणूस एकदम झक्कास, पण बोलायला बसला की आपण ऐकत राहायचं. नागालँडला माल घेऊन गेले होते तेव्हा रात्री केबिनमध्ये बिबट्या येऊन झोपला, ही गोष्ट त्यांनी पोहे खाता खाता सांगितली. बिबट्याला उठवायचं कसं, म्हणून हे सकाळपर्यंत टपावर बसून राहिले! त्यांच्या मुलाकडे, म्हणजे ज्याच्याशी मी लग्न करतेय त्याच्याकडे, मी डोळ्यांनीच विचारलं. त्यानं खांदे उडवले. तो तीस वर्षं ऐकतोय, त्यालाही माहीत नाही.

त्या रात्री बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. ‘‘अगं, एक विचारू? हा माणूस खरा आहे की थापाड्या?’’

सोमवारी ऑफिसात लंचला हे सगळं सांगितलं तर आमच्या टीममधला एक सिनेमावेडा सीनियर डबा बाजूला ठेवून हसायलाच लागला. म्हणाला, ‘‘ही तर ‘द इन-लॉज’ची स्टोरी!’’ दुसऱ्या दिवशी त्यानं दोन डिस्क आणून टेबलावर ठेवल्या. एक १९७९ची, एक २००३ची. एकच सिनेमा, दोनदा बनवलेला.

नातं आहे, शब्द नाही

आधी नावाचीच गंमत बघा. इंग्रजीत ‘इन-लॉज’ म्हटलं की सासू, सासरा, मेहुणा, नणंद सगळे एकाच पोत्यात. पण मुलाचा बाप आणि मुलीचा बाप, हे दोघं एकमेकांचे कोण? इंग्रजीकडे याला सुटसुटीत शब्दच नाही. आपल्याकडे व्याही आहे, विहीण आहे. हिंदीत समधी आहे. स्पॅनिश लोकांकडे ‘कोन्सुएग्रो’ आहे, ज्यूंच्या यिडिश भाषेत ‘माखेतोनिम’ आहे. म्हणजे निम्म्या जगानं हे नातं ओळखून त्याला नाव देऊन टाकलंय. ज्या भाषेत नाव नाही, त्या भाषेतल्या सिनेमाला मात्र ते पावणेदोन तास समजावून सांगावं लागतं.

आणि समजावून सांगायला त्यांना चक्क सीआयए लागली!

मूळ सिनेमाची गोष्ट अशी. शेल्डन कोर्नपेट हा न्यूयॉर्कमधला एक सरळमार्गी, सुखवस्तू डेंटिस्ट. मुलीचं लग्न चार दिवसांवर आलंय आणि व्याह्यांची अजून भेट नाही, कारण ते दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळतायत. शेवटी व्याही उगवतात. विन्स रिकार्डो. जेवणाच्या टेबलावर हा गृहस्थ ग्वाटेमालाच्या जंगलातल्या अशा माश्यांची हकिगत सांगतो, ज्या गरुडाएवढ्या असतात आणि मुलांना उचलून नेतात. अगदी गंभीर चेहऱ्यानं, तपशीलवार, डोळ्यांत पाणी येईल इतक्या कळकळीनं. आणि जेवण चालू असतानाच मध्येच उठून तो फोन करायला म्हणून तळघरात जातो आणि सरकारी टांकसाळीतून चोरलेला नोटा छापायचा एक ठसा व्याह्यांच्या घरात दडवून येतो.

दुसऱ्या दिवशी तो डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये हजर. माझ्या ऑफिसातल्या तिजोरीतून एक वस्तू आणून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटांचं! हा सीन आला तेव्हा मी पॉझ करून आईला हाक मारली.

पुढे काय होतं ते सगळं सांगत नाही. बंदुकीच्या गोळ्या सुटतात, विमान येतं, एक काल्पनिक बेट येतं आणि त्या बेटाचा एक हुकूमशहा येतो, जनरल गार्सिया. याचा सल्लागार कोण, तर त्याचाच हात. मुठीवर डोळे-ओठ रंगवलेला बाहुला, जो बोलतो आणि पाहुण्यांकडून लाड करून घेतो. रिचर्ड लिबर्टिनी या नटानं हे काम असं काही केलंय की दोन दिवस मी माझी मूठ बघून हसत होते.

खरा की थापाड्या?

आता मुद्द्यावर येते. मी चूक अशी केली की आधी २००३चा सिनेमा बघितला. मायकेल डग्लस आहे, नवरदेव म्हणून कोवळा रायन रेनॉल्ड्स आहे (‘डेडपूल’च्या तेरा वर्षं आधीचा!), रंगीत-चकचकीत आहे, म्हटलं आधी हाच लावू.

वाईट नाही हो. खोटं कशाला बोलू, चार-पाच वेळा खळखळून हसले. इथे डेंटिस्टचा पोडियाट्रिस्ट झालाय, म्हणजे पायांचा डॉक्टर. गाव शिकागो. नाव जेरी पायझर, काम करतोय अल्बर्ट ब्रूक्स. (१९७९च्या सिनेमात मुलीचं काम करणाऱ्या नटीचं नाव पेनी पायझर होतं. जाणत्यांना मारलेला डोळा असावा.) जेरीला विमानाची भीती, उंचीची भीती, बाहेरच्या खाण्याची भीती. कमरेला सतत एक पाउच. आपल्याकडे ट्रिपला निघालेले काका बांधतात ना, तसलाच. आणि या माणसाला शस्त्रांचा एक दलाल ‘फॅट कोब्रा’ नावाचा जगातला खतरनाक मारेकरी समजून बसतो, वर त्याच्या प्रेमातही पडतो. तो दलाल झालाय डेव्हिड सुशे, टीव्हीवरचा ‘प्वारो’. ही जोडी पडद्यावर असते तेव्हा धम्माल आहे.

पण सिनेमा संपला आणि मला बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. कारण तो प्रश्न या सिनेमानं विचारलाच नव्हता.

बघा ना. रिमेक सुरू होतो प्रागमध्ये. मायकेल डग्लस, गाड्यांचा पाठलाग, ठोठो गोळीबार. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच आपल्याला कळतं की हा स्टीव्ह टोबायस खराखुरा सीआयएचा माणूस आहे, आणि भलताच हुशार आहे. आता तो व्याह्यांसमोर काहीही सांगो, आपण निवांत. घाबरायचं काम एकट्या जेरीनं करायचं, आपण त्याच्याकडे बघून हसायचं.

१९७९मध्ये तसं नाही. विन्स खरोखर सीआयएत आहे? की कधीकाळी होता आणि डोकं फिरलं म्हणून काढून टाकलाय? की साधा चोर आहे? मधेच सीआयएचाच एक अधिकारी भेटतो आणि शेल्डनला विन्सबद्दल जे सांगतो, त्यानं शेल्डनच्या बरोबरीनं आपल्याही पोटात गोळा येतो. डेंटिस्टला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला माहीत. शेल्डनच्या जागी आपणच असतो. आणि पळून जायची सोय नाही, कारण परवा लग्न आहे, मुलगी खूश आहे, मुलगा तर खरंच चांगला आहे.

अमेरिकेत काय, डोंबिवलीत काय, व्याही म्हणजे नेमकं हेच ना? नवरा मी निवडला. त्याची सॅलरी स्लिप, त्याचा स्वभाव, त्याचे जुने फोटो सगळं तपासून झालंय. बाबांनी मात्र त्या कोल्हापूरच्या गृहस्थांना निवडलेलं नाही. मी निवडलं म्हणून ते आता जन्मभर त्यांचे. सोबत बिबट्याही.

कोलंबोचा चेहरा

मूळ सिनेमाचं निम्मं काम निवडलेल्या नटांनीच करून टाकलंय. विन्स म्हणजे पीटर फॉक. हा माणूस १९७१ ते १९७८ अमेरिकन टीव्हीवर ‘कोलंबो’ होता. चुरगळलेला रेनकोट घालणारा, वेंधळा वाटणारा, पण खुन्याला बरोब्बर पकडणारा पोलीस. कोलंबो नुकताच थांबलेला, आणि तोच विश्वासाचा चेहरा घेऊन हा माणूस १९७९मध्ये अशा थापा मारतोय! प्रेक्षकांनी ठरवायचं तरी काय? डग्लस पडला देखणा, सूटबूटवाला. त्यानं थाप मारली तरी ती प्रेझेंटेशन वाटते. आमच्या सेल्सच्या बॉससारखी. फॉकची थाप मात्र जेवताना आपल्या ताटात वाढल्यासारखी येते, नाही म्हणता येत नाही.

समोर अॅलन आर्किन. हा नट विनोद करतोय असं कधी वाटतच नाही. तो फक्त समजूतदारपणे परिस्थिती समजून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि परिस्थिती आणखी बिघडते. बेटावर उतरल्या उतरल्या त्यांच्यावर गोळीबार सुरू होतो तो सीन तर मी चार वेळा पाहिला. गोळ्यांमधून शेल्डन गाडीकडे सरळ रेषेत धावत सुटतो. विन्स मागून ओरडतो, असं नाही, नागमोडी पळा, नागमोडी! तर हा शिकलेला, नियम पाळणारा डॉक्टर काय करतो? थांबतो, मागे फिरतो, जिथून पळायला सुरुवात केली तिथे परत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून नागमोडी पळत येतो. गोळ्या चालूच! अमेरिकेत हा सीन आजही सिनेमावेड्यांच्या तोंडी आहे.

मला तो सीन बघून हसू आलं आणि लगेच गलबललंही. कारण पावती परत मागायला जायचं तर माझे बाबाही अस्सेच जातील.

अल्बर्ट ब्रूक्सच्या जेरीची अडचण वेगळी आहे. तो पहिल्या सीनपासूनच घाबरट आहे. शहाणा माणूस हळूहळू वेडा होताना बघायला मजा येते, आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरला तर फरक उरतो फक्त आवाजाचा. यात ब्रूक्सचा काही दोष नाही, तो कमाल नट आहे. पुरावा हवा? ‘द इन-लॉज’ अमेरिकेत लागला २३ मे २००३ला. बरोब्बर एका आठवड्यानं, ३० मेला, ‘फाइंडिंग नेमो’ आला. त्यातल्या मार्लिनला, म्हणजे पोराच्या काळजीनं अर्धमेल्या झालेल्या बापमाशाला, आवाज कोणाचा? याच ब्रूक्सचा. तोच धास्तावलेला बाप, तोच आवाज. पण तिथे आपल्याला मार्लिनची भीती खरी वाटते, कारण समुद्रात पुढे काय आहे ते त्यालाही माहीत नाही आणि आपल्यालाही.

नशीबही आडवं आलं म्हणा. २३ मेलाच जिम कॅरीचा ‘ब्रूस ऑलमायटी’ लागला आणि गर्दी तिकडे वळली. सुमारे चार कोटी डॉलर घालून काढलेला ‘द इन-लॉज’ जगभरातून तीन कोटीही जमवू शकला नाही. मूळ सिनेमानं त्या काळच्या तिकीटदरांत एकट्या अमेरिकेत साडेतीन कोटींच्या वर नेले होते.

यावर कोणी म्हणेल, रिमेकच नको. किंवा व्याह्यांची गोष्ट लोकांना नकोच होती. दोन्ही चूक! ‘मीट द पेरंट्स’ (२०००) आठवतो ना? रॉबर्ट डी निरो सासरा, तोही सीआयएतून रिटायर झालेला, आणि तोही रिमेकच, १९९२च्या एका छोट्या सिनेमाचा. तो दणकून चालला. आणि त्याचा दुसरा भाग, ‘मीट द फॉकर्स’ (२००४), हा तर धडधडीत व्याह्यांचा सिनेमा. शिस्तीचा डी निरो एका बाजूला, मोकळाढाकळा डस्टिन हॉफमन दुसऱ्या बाजूला. जगभरात पन्नास कोटी डॉलरच्या वर गल्ला! त्यात मुलाची आई झाली होती बार्बरा स्ट्रायसँड. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वीच्या ‘द इन-लॉज’मध्ये स्टीव्ह जे खासगी विमान वापरतो, ते स्ट्रायसँडचं असल्याचं दाखवलंय. विमानाची मालकीण स्वतः विहीण होऊन आली, तेव्हा कुठे लोक थिएटरात शिरले.

‘फॉकर्स’ चालला कारण तिथली मंडळी एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात आणि एकमेकांना डोळे फाडून बघतात. रिमेकवाल्यांना वाटलं, मूळ सिनेमातली गंमत विमान, बंदुका आणि परदेशात आहे. मग त्यांनी ते वाढवलं. इमारतीवरून उडी आली, पाणबुडी आली, लग्नात गाणारा बँडसुद्धा खराखुरा ‘केसी अँड द सनशाइन बँड’. फक्त दोन बापांना एकमेकांकडे संशयानं बघत बसायला निवांत वेळ दिला नाही.

खरं तर ही केमिस्ट्री मूळ लोकांनाही पुन्हा जमली नाही. फॉक आणि आर्किन १९८६मध्ये ‘बिग ट्रबल’ नावाच्या सिनेमात परत एकत्र आले. दिग्दर्शक जॉन कॅसावेट्ससारखा दादा माणूस. तरी तो सिनेमा आला आणि गेला. फॉक २०११मध्ये गेला, आर्किन २०२३मध्ये. दोघांच्याही नावापुढे लोकांना आधी आठवतो तो नागमोडी पळण्याचा सीन.

रविवार, रात्री नऊ

तर १९७९ची डिस्क मी परत केली नाही. रविवारी रात्री बाबांना शेजारी बसवलं. तीन आठवडे झाले होते. पावती आली नव्हती. ‘हॉलला फोन करून विचार ना,’ असं तुम्ही म्हणाल. केला होता. उचलणारा म्हणाला, ‘‘तारखांची वही शेठकडे, आणि शेठ गावाला.’’ सासऱ्यांना विचारावं तर ‘‘काळजीच सोडा पाव्हणं!’’ माझ्या नवरदेवाशी या विषयावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. तो म्हणाला, ‘‘माझे पप्पा चोर आहेत का?’’ मी म्हटलं, ‘‘तसं कोण म्हणालं?’’ कोणीच म्हणालं नव्हतं, पण आमच्या घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि ते त्याला कळलं होतं. दोन दिवस फोन बंद.

बाबा इंग्रजी सिनेमा फारसे बघत नाहीत. सबटायटल्स लावली. माश्यांची हकिगत आली तेव्हा ते पुढे सरकून बसले. तिजोरीचा सीन आला तेव्हा म्हणाले, ‘‘जाऊ नको रे बाबा!’’ शेल्डन अर्थातच गेला. नागमोडी पळण्याच्या वेळी ते इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

पुढे बेटावर गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोर दोघे व्याही शेजारी शेजारी उभे राहतात. तिथे बाबांनी रिमोट घेतला आणि पॉझ केलं.

‘‘हा विन्स खरा निघतो का गं?’’

मी सांगणार तेवढ्यात म्हणाले, ‘‘नको, नको. सांगू नकोस.’’

मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘‘त्या दिवशी ठाण्याहून येताना ट्रेनला गर्दी होती. यांनी मला खिडकी मिळवून दिली. स्वतः कल्याणपर्यंत उभे राहिले.’’

‘‘कल्याणपर्यंत?’’

‘‘हो ना. बोलण्याच्या नादात डोंबिवली मागे गेलं.’’

सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी आत जाऊन नवरदेवाला मेसेज टाकला, बिबट्याबद्दल. उत्तर लगेच आलं.

काल सकाळी पुन्हा बेल वाजली. दारात सासरे, हातात भडंगाची पिशवी. मंडपवाल्याला गाठायचंय म्हणाले, पाच मिनिटाचं काम. बाबांनी चेकबुक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. मग चपला बाजूला सारून खाली बसले आणि बूट घातले. नाड्या घट्ट बांधल्या.

‘‘बूट कशाला हो, इथंच तर जायचंय,’’ सासरे म्हणाले.

‘‘असू द्या,’’ बाबा म्हणाले. ‘‘पळायला बरे पडतात.’’